सुभेदारसाहेबांना ओवाळायला गेले तवा

सुभेदारसाहेबांनी कपाळ हातानं झाकलं अन् पाटावरनं खाली उतरले. मी उंबऱ्याच्या आत, ते बाहेर. मधी माज्या हातातलं औक्षणाचं ताट.

"तुमी नगं," ते म्हणले. "घरात सवाशीण कुणी न्हाय का?"

अंगणात सगळी भावकी. थोरल्या जाऊबाईंनी माज्या हातातनं ताट काढून घेतलं. "तुला म्हणलं व्हतं न्हवं," एवढंच बोलल्या. साहेब परत पाटावर चढले. जाऊबाईंनी ओवाळलं तवा डोळं मिटून शांत हुबं ऱ्हायले. मी सैपाकघरात गेले.

साहेब म्हंजी आमच्या भागात देवाच्या खालोखाल. डोंगरावर गोळीबार चालू असताना जखमी जोडीदाराला पाठीवर घेऊन खाली आलेला माणूस. मांडीत गोळी शिरली तरी त्याला खाली टाकला न्हाय. आमचे मालक लष्करात जायला लई धडपडले, उंचीत मागं पडले. त्यांच्या मोबाइलवर साहेबांचा फोटू असायचा. मी कन्हेरीला नवी नवरी म्हणून आले, तवा एकदा साहेब सुट्टीवर आलेले. मालकांनी मला लांबनं दाखवलं. म्हणले, बघ, ह्याला म्हणत्यात माणूस. मी पदर सावरून बघतच ऱ्हायले.

पेन्शनीवर आल्यावर साहेब पोरापोरींना पहाटं पळवायला लागले. फुकाट. माजी पोरगी वैशू त्यांच्या हाताखाली तयार झाली अन् फौजेत भरती झाली. म्हणून तर ते आज पेढे खायला आमच्या घरी आले. आमचे आबा, म्हंजी सासरे, आयुष्यभर मेंढरामागं फिरलेले. आज शेतावर ऊस हाय, दावणीला गाया हायत, तरी असा पाव्हणा ह्या दारात कधी आला न्हवता.

ताट मी आपणहून धरलं न्हवतं. वैशूनं हट्ट केला. "आई, साहेबांना तूच ओवाळायचं. तू पहाटं संगं आली नसतीस तर मी मैदानावर पोचलेच नसते." मी लई आढेवेढे घेतले. मालक जाऊन तीन वर्षं झाली. त्या दिवसापासनं हळद, वटी, बारसं, कुठंच मी पुढं न्हाय. लग्नात मी भाजी चिरायला. पण मनात कुठंतरी वाटलं, येवढा मोठा माणूस, जग बघितलेला. तो न्हाय असं करायचा. तितंच मी फसले.

चहाचा ट्रे घेऊन मी दाराआड थांबले. बाहेर जायचं धाडस हुईना. साहेब पोरीला सांगत व्हते, "भीतीला मनात जागा द्यायची न्हाय. भ्याला तो मेला." सगळी माना डोलवत व्हती. मला कळंना. मघाशी माज्याम्होरं कपाळ झाकलं, ते काय व्हतं मग? गोळीला न भ्यालेला माणूस माज्या हाताला भ्याला. माज्या. जी कुणी जोरात बोललं तरी चळाचळा कापती, तिला.

मग साहेब आबांना म्हणले, "रविवारी पोरगी निघंल तवा कुंकू थोरलीच्या हातनं लावा. आईनं जरा आतच थांबावं. तिकडं बंदुकीशी काम हाय. उगं विषाची परीक्षा कशाला?"

आबा म्हणले, "बराबर हाय साहेब."

मी वैशूकडं बघितलं. ती सावधानमधी हुबी. साहेबांम्होरं तोंड उघडायची तिला सवयच न्हाय. नजर खाली.

खरं सांगते, त्या घटकेला मला साहेबांची भीती वाटली, आबांची वाटली. पण सगळ्यात मोठी भीती निराळीच. ती मी कुणाला सांगितली न्हवती. खरंच माज्या हातात काही वंगाळ असलं तर? पोरीला तिकडं काही झालं तर? तीन वर्षं लोकांनी बोलून बोलून ते माज्यात घातलंय. रात्रंदिस ते मला कुरतडतंय. अन् आज माज्या नवऱ्यानं ज्याला माणूस म्हणलं, तोच येऊन त्या भीतीवर शिक्का मारून चालला व्हता.

मी ट्रे खाली ठेवला अन् बाहेर आले.

"साहेब, मी आत थांबणार न्हाय."

आवाज चिरका निघाला. आबा उठले. "आगं, कुणाशी बोलतीस? शुद्ध हाय का?"

"हाय आबा. साहेब, हिचे वडील भवानीनगरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीखाली गेले. अंधारात ट्रॉली हुबी, मागं लाल दिवा न्हाय. ट्रॉलीवाला आज बी सत्यनारायणाला पुढं बसतोय. अन् मी आत थांबायचं व्हय?"

साहेब उठले. "मी तुमच्या भल्याचंच बोललो," म्हणले. फेटा सारखा केला अन् गाडीत जाऊन बसले. चहा तसाच ऱ्हायला.

त्यांनी जोडीदार पाठीवरनं आणला, ते खोटं न्हाय. ते मी आज बी मानते. पण त्यांच्या पाया पडणार न्हाय.

आबा माज्याशी बोलत न्हाईत. जाऊबाई म्हणत्यात, पोरीचं काही वाईट झालं तर तुलाच जाळील ते. वैशू सुदीक हळूच म्हणली, "आई, रविवारी साहेब स्टँडवर येणार हायत. तू घरीच टिळा लाव ना, कुणी नसताना."

"चोरून लावायला मी काय गुन्हा केलाय?" मी म्हणलं.

माजी भीती गेलेली न्हाय. हे सांगताना बी हात गार पडलेत. उद्या पोरीला तिकडं नुसतं खरचटलं, तरी सगळी बोटं माज्याकडं वळणार, हे मला ठावं हाय. तरी रविवारी मी बारामतीच्या स्टँडवर जाणार. सगळ्यांदेखत माज्या पोरीला कुंकू मी लावणार. मधी जो येईल त्याला हातानं बाजूला सारणार. सुभेदार असले तरी.