रेड बिनमधली बाई

किस्से सांगायचे म्हटलं की लोकांना ते आठवावे लागतात. मला तो त्रास नाही. मी टेबलाशी बसले की ते आपोआप वाजत येतात.

मी चाकणच्या एका कंपनीत लाइन लीडर आहे. गाडीच्या पोटात वायरींचा एक भलामोठा जुडगा असतो, तो आमच्या लाइनवर बांधला जातो. लाइनवर मोबाईल न्यायला बंदी. त्यामुळे शिफ्ट सुरू होताना सगळ्यांचे फोन माझ्या टेबलावरच्या लाकडी पेटीत जातात. प्रत्येकाचा खण ठरलेला, वर नावाची पट्टी. घरून काही अडचणीचा फोन आला तर मी उचलायचा आणि निरोप पोचवायचा. फोन एकदा वाजला तर वाजू द्यायचा, लागोपाठ दोनदा वाजला तर तो घरचा समजायचा, हा आमचा नियम.

नियम छान चालला होता. मग ते कॉम्प्युटरचे फोन सुरू झाले. लोन घ्या, विमा घ्या, प्लॉट घ्या. आणि त्या मेल्यांना आमचा नियम कुणी सांगितला कोण जाणे, तेही दोनदा वाजायला लागले!

* * *

आमच्या पगाराच्या खात्यांचा कॅम्प कॅन्टीनमध्ये लागला होता. सगळ्यांनी रांगेत उभं राहून नंबर दिले. तेव्हापासून हे फोनही रांगेतच येतात. पहिल्या खणातला फोन वाजला की मी चहाचा कप बाजूला ठेवते, कारण आता शेवटच्या, म्हणजे माझ्या खणापर्यंत सुटका नाही.

एकदा अशीच रांग लागली. मी एकेक उचलत होते आणि पलीकडे माणूस आहे की मशीन हे न बघता एकच वाक्य म्हणत होते, "त्या लाइनवर आहेत, ब्रेकमध्ये करा." शेवटच्या खणातला फोन उचलला, तेच वाक्य म्हटलं.

पलीकडून माझा नवरा म्हणाला, "बरं. मग तुम्ही कोण बोलताय?"

* * *

वैताग सगळ्यांनाच होता. अनोळखी नंबर उचलूच नका, असं सगळ्यांनी मला सांगून टाकलं. फक्त मंदा कांबळेचं उलटं. ती रोज सकाळी देहूरोडहून येणाऱ्या बसमधून उतरली की फोन खणात ठेवताना मला बजावायची, "ताई, माझा कुठलाही नंबर सोडू नका हं. एकदा वाजला तरी उचला."

कारण होतं तिची मुलगी प्रज्ञा. पोरगी नर्सिंग शिकली, एका छोट्या दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबत होती, आणि आता पिंपरीकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिचा इंटरव्ह्यू झाला होता. "फोन करून कळवू" असं त्यांनी सांगितलं होतं. ड्यूटीवर प्रज्ञालाही फोन जवळ ठेवता येत नाही, म्हणून तिने आईचा नंबर दिला. आईचा फोन कुठे असतो, तर माझ्या पेटीत. फोन उचलला नाही तर पुढच्या मुलीला लावतात, असं मंदाला कुणीतरी सांगितलं होतं. लहानपणी मंदालाच नर्स व्हायचं होतं. ते तिने मला एकदाच सांगितलं, आणि लगेच विषय बदलला. माझ्या मात्र ते डोक्यातून गेलं नाही.

त्यामुळे तिच्या खणातला फोन वाजला की मी हातातलं काम टाकून उचलायचे. आणि पलीकडून आवाज यायचा, "अभिनंदन! आपली निवड झाली आहे." कशासाठी, तर क्रेडिट कार्डासाठी.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी अर्धी लाइन ओलांडून मंदाकडे पळत गेले होते. तिचा चेहरा उजळला आणि मग उतरला. त्यानंतर वाक्य पुरं ऐकल्याशिवाय मी खुर्ची सोडत नाही.

* * *

आमचा फोर्कलिफ्ट चालवणारा विलास परभणीकडचा. त्याला प्लॉटचेच फोन फार. तळेगावजवळ डोंगराच्या कुशीत, हिंजवडीपासून फक्त पंधरा मिनिटांवर! हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून पंधरा मिनिटांत फक्त फोनवरची बाईच जाऊ शकते.

बाकीचे शिव्या घालून फोन ठेवतात. फोनवरच्या बाईने "साइट व्हिजिटसाठी एक दाबा" म्हटल्यावर विलासने एक दाबला. गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, दारात एसी गाडी आली. बायको, दोन पोरं आणि सासूबाई असा सगळा लवाजमा प्लॉट बघून, फुकट जेवून संध्याकाळी परत. पुढच्या महिन्यात दुसरा नंबर, दुसरी गाडी, पण नेमका प्लॉट तोच.

तिथल्या पोरीने ओळखलं. म्हणाली, "सर, तुम्ही मागेही आला होतात ना?"

विलास शांतपणे म्हणाला, "आलतो की मॅडम. तवा कढी पातळ व्हती. सुधारली का बघायला आलोत."

* * *

क्वालिटीत भोसले आहेत. त्यांना एकच रोग, प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी जायचं. एखादी वायर चुकली की ते पाच वेळा 'का' विचारतात. तशी पद्धतच आहे कंपनीची, पण भोसले ती घरीही वापरतात म्हणे. त्यांच्या बायकोची मला काळजी वाटते.

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांना लोनचा फोन आला. या वेळी मशीन नव्हतं, खरीखुरी मुलगी होती. भोसल्यांनी डबा बाजूला सरकवला, स्पीकर लावला.

"फोन का केला?"

"सर, लोनची ऑफर द्यायला."

"ऑफर मलाच का?"

"सर, तुमचा नंबर आलाय मला."

"आलेला प्रत्येक नंबर का लावता?"

"टार्गेट असतं सर."

"ते पुरं का होत नाही?"

"सर, लोक लगेच कट करतात."

"मग मी कट केलेला नाही, तरी तुम्ही लोनचं का सांगत नाही?"

मुलगी म्हणाली, "सर, सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी बोलतंय. लोनचं सांगितलं की तुम्ही ठेवाल."

भोसल्यांनी मूळ कारण सापडल्यासारखी मान हलवली आणि लोन न घेता तिला जेवण झालं का विचारलं. आम्ही सगळे बघतच राहिलो. हा प्रश्न खरं तर दत्तूकाकांचा.

* * *

दत्तूकाका आमच्या लाइनवर मालाची खोकी, म्हणजे बिन्स, नेण्या-आणण्याचं काम करतात. इथल्याच गावचे, जुने. चुकलेला माल आम्ही लाल रंगाच्या रेड बिनमध्ये टाकतो. ती बिन भरली की काका ढकलगाडीवर घालून मागच्या शेडमध्ये नेतात.

सुट्टीत आलेला रेकॉर्डवरचा फोनसुद्धा काका मध्येच ठेवत नाहीत. शेवटपर्यंत ऐकतात, मध्ये मध्ये "व्हय, व्हय" म्हणतात. मी एकदा समजावलं, "काका, ती मशीन आहे. खरी बाई नाही."

"बाय, आवाज तर बाईमान्साचा हाय ना? मंग ती बोलतीया तवर मधीच कसं तोडायचं?"

शेवटी ती बाई म्हणते, पुन्हा ऐकण्यासाठी नऊ दाबा. काकांना कमी ऐकू येतं. ते स्पीकर लावून नऊ दाबतात. विम्याची एक योजना त्यांनी अशी इतक्यांदा ऐकली की आमच्या शिफ्टला ती पाठ झाली.

हल्ली नव्या तऱ्हेच्या मशीन आल्यात, त्या प्रश्न विचारतात. काकांना एकीने विचारलं, "आपल्या कुटुंबात किती सदस्य आहेत?" काकांनी थोरल्या भावापासून सुरुवात केली. दोन्ही सुना, नातवंडं, मग गाभण गाय. मशीन म्हणाली, "माफ करा, मला समजलं नाही." काकांना वाटलं आपलंच चुकलं. त्यांनी आवाज चढवून पुन्हा थोरल्या भावापासून सांगितलं.

गाय दुसऱ्यांदा आली तेव्हा मशीननेच फोन कापला. काकांना वाईट वाटलं. म्हणाले, "घाईत असंल बिचारी."

* * *

भोसल्यांना मात्र त्या बाईची दया नव्हती. "जे चुकीचं आहे ते रेड बिनमध्ये गेलं पाहिजे," ते म्हणाले, आणि तशी पद्धतच पाडली. रेकॉर्डवरचा फोन आला की कापायचा नाही, कारण न उचलला किंवा कापला की पुन्हा येतो. स्पीकर लावायचा, फोन टेबलाशेजारच्या रेड बिनमध्ये ठेवायचा आणि बाई दमेपर्यंत आपलं काम करायचं. मग फोन काढून परत खणात.

गाडीवाल्या कंपनीचे साहेब ऑडिटला आले त्या दिवशी मी बाईला बिनमधून काढायला विसरले. साहेब टेबलाशी थांबले आणि त्यांच्या पायाशी बिन म्हणाली, "प्रिय ग्राहक, आपल्यासाठी आनंदाची बातमी!"

साहेबांनी वाकून बघितलं. मग भोसल्यांना विचारलं, "ह्याच्यावर काय ॲक्शन घेता?"

भोसले म्हणाले, "सर, ह्याला रीवर्क नाही. डायरेक्ट स्क्रॅप."

* * *

आणि आता तो दिवस.

सकाळी मला मॅनेजरसाहेबांनी मीटिंगला बोलावलं. टेबलाशी भोसले बसले. मंदाचं मी त्यांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "ताई, तुम्ही निर्धास्त जा."

इकडे मंदाचा फोन वाजला. भोसल्यांनी पहिल्याच रिंगला उचलला. आवाज आला, "अभिनंदन! आपली निवड झाली आहे." बस. त्या आठवड्यात हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की पुढचं ऐकायची गरजच वाटली नाही. स्पीकर लावला, फोन बिनमध्ये ठेवला आणि ते मायक्रोमीटर शोधायला कपाटाकडे वळले. तेवढ्यात दत्तूकाका आले. बिन भरली होती. त्यांनी ती गाडीवर चढवली आणि नेली.

मंदाने लाइनवरून हे सगळं पाहिलं. हातात वायरी, समोर सरकणारा बोर्ड. तिने हाका मारल्या, पण मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार?

आमच्या लाइनवर डोक्यावर एक पिवळी दोरी असते. ती ओढली की सगळी लाइन थांबते आणि भोंगा वाजतो. वर्षानुवर्षं काम करणारी माणसंसुद्धा तिला हात लावायला घाबरतात, कारण मग साहेब लोक पळत येतात आणि जाब विचारतात. मंदाने इतक्या वर्षांत ती कधी ओढली नव्हती.

तिने ती ओढली.

भोंगा ऐकून मी मीटिंग सोडून पळाले. माझ्यामागे मॅनेजर. मंदा मागच्या शेडकडे धावत होती, तिच्यामागे सगळी लाइन, आणि पांढरेफटक पडलेले भोसले सगळ्यांच्या पुढे.

शेडच्या दारात दत्तूकाका उभे होते. बिन खाली ठेवलेली. मंदाचा बटणांचा फोन त्यांनी दोन्ही हातांत धरलेला, आणि ते त्याच्याकडे बघत मान डोलवत होते.

मी भोंगा बंद करायला सांगितला. शांतता झाली आणि आवाज स्पष्ट ऐकू आला. "...प्रज्ञा कांबळे, स्टाफ नर्स. रुजू होण्यास तयार असाल तर एक दाबा. नसाल तर दोन दाबा. पुन्हा ऐकण्यासाठी नऊ दाबा."

काकांनी नऊ दाबला.

"काका, काय करताय?" मी ओरडले.

"आगं, दुसऱ्याच्या पोरीचं हाय, आपुन कसं ठरवायचं? मंदी येस्तवर हिला बोलती ठेवलीय. कवाची नऊ दाबतुया."

"लाइन का थांबलीये?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं. भोसल्यांनी त्यांच्याकडे वळून तोंडावर बोट ठेवलं.

बाई पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, अभिनंदन, आपली निवड झाली आहे. या वेळी सगळ्या लाइनने शेवटपर्यंत ऐकलं. मंदाचे हात हातमोज्यांत होते. तिने नुसतं एक बोट वर केलं.

काकांनी एक दाबला.

"धन्यवाद," बाई म्हणाली.

"व्हय ताई," काका फोन तोंडाजवळ नेऊन म्हणाले, "लई येळ बोलतीयास. आता च्या घे जरा."