गायरानातला पांढरा थर

डोंगराच्या पायथ्याला बाई खड्डा खणताना दिसली, की आमच्याकडं लोक पहिल्यांदा एकच विचारतात, पाणी लागलं का? दुसरा प्रश्न दबक्या आवाजात येतो, धनबिन हाय का? मी दोन्हीला नाही म्हणते आणि सांगते, जागेची जात शोधतेय. एका म्हाताऱ्यानं त्यावर गंभीरपणे विचारलं होतं, मग दाखला तहसीलातून मिळतो का? मी इतकी हसले की हातातलं खोरं खाली पडलं.

जमीन-पाहणीचं माझं काम सांगायला सोपं आहे. बालाघाटाच्या पायथ्याचा पट्टा घ्यायचा आणि त्यातला एकेक उतार चार गोष्टींवरून ओळखायचा. माती कोणती, ऊन-पाऊस किती, खाली खडक कसला, आणि वर आपसूक काय उगवतं. चारही धागे जुळले की त्या उताराचा वर्ग ठरतो. हा सीताफळाचा, हा हिवर-बाभळीचा, हा नुसत्या गवताचा. तिथं काय लावायचं आणि काय चारायचं हे मग त्या वर्गावरून ठरवतात. लोकांच्या लेखी पायथा म्हणजे सगळा एकच बरड. मला मात्र तो दर वळणावर निराळा दिसतो, आणि दिसला की दम निघत नाही, गाडी थांबवायला लावते. ड्रायव्हर बिचारा म्हणतो, म्याडम, गवतच हाय की. अरे गवतच आहे, पण मघापर्यंत मारवेल होतं आणि इथं कुसळी लागली, कावून? हा ‘कावून’ एकदा डोक्यात शिरला की मला जेवणसुद्धा गोड लागत नाही.

यंदा माझ्या वाटणीला लिंबागणेशच्या अंगाचा पट्टा आला आणि त्यात चक्क माझं माहेर आलं. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पगारी काम, वर माहेरची भाकर, म्हणजे सोन्याहून पिवळं. पण यादीत गावच्या गायरानाचं नाव वाचलं आणि कागद घडी घालून ठेवून दिला. त्या गायरानापायी आमचं घर दुभंगलेलं होतं.

माझे वडील, आप्पा, एकेकाळी गावचे सरपंच. सरपंचकी गेली, आवाज तेवढा राहिला. गायरानावर आमराई करायची हे त्यांचं वेड. आंबा, जांभूळ, चिंच, काय काय लावलं. पहिल्या वर्षी रोपं अशी तरारायची की पाहुण्यांना मुद्दाम नेऊन दाखवायचे. दुसऱ्या वर्षी पिवळी पडायची. तिसऱ्या वर्षी काड्या उरायच्या. पुन्हा लावली, पुन्हा तेच. आणि त्या काड्यांखाली आप्पांना एकदा शेळीच्या लेंड्या दिसल्या.

शेळ्या होत्या तात्यांच्या, म्हणजे आप्पांच्या सख्ख्या धाकट्या भावाच्या. ऊसतोडीला जाऊन जाऊन तात्यांची कंबर गेली, तेव्हा त्यांनी कोयता ठेवला आणि शेळ्या धरल्या. आप्पांनी भर पारावर त्यांना चोर म्हटलं. गावचं रान खाल्लंस म्हणाले. तात्यांनी पोटच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की माझ्या शेळ्यांनी रोपाला तोंड लावलेलं नाही. त्यावर आप्पा म्हणाले, शपथेनं झाडं उगवत नसतात. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. माझ्या लग्नात तात्या मांडवाच्या कडेला उभे राहिले, अक्षता टाकल्या आणि पाण्याचा घोट न घेता निघून गेले. मला त्या दिवसाचा अजून राग येतो, दोघांचाही.

आणि आता आप्पांनी नवी लागवड मंजूर करून आणली होती. येत्या ग्रामसभेत गायरानावर कायमची चराईबंदी करायचा ठराव ते मांडणार होते. ठराव झाला की तात्यांच्या शेळ्यांना दुसरं रान नव्हतं. शेळ्या विकायच्या आणि मोडक्या कंबरेनं पुन्हा उसाच्या फडात जायचं, एवढंच उरत होतं. आमच्या वरिष्ठ बाईंना मी आधीच फोनवर सांगून टाकलं की हे माझं घरचं लफडं आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. त्या म्हणाल्या, माहेर असो का सासर, मातीला नातं नसतं. खणून बघ आणि नमुने माझ्याकडं पाठव, तपासणार मी आहे.

मग गेले. उन्हं तापायच्या आत आधी नुसता उतार हिंडले, हात न लावता. आणि हिंडता हिंडता माझी पावलं भराभर पडायला लागली. गायरानाच्या मधून एक ओढा जातो. ओढ्यापलीकडं सीताफळांची दाटी, कुणी न लावलेली. अलीकडं आपसूक आलेलं एक झाड नाही, नुसती आखूड कुसळी. दोन्ही उतार एकाच दिशेला तोंड करून. ऊन तेच, पाऊस तोच, वाराही तोच. शेळीला तर ओढा उडी मारून पार होतो. मग अलीकडंच झाडं का मरावीत? मागच्या लागवडीतलं आंब्याचं एक रोप कसंबसं तग धरून होतं. त्याचं पान बघितलं आणि मी अक्षरशः ओरडले. शिरा हिरव्या आणि मधलं सगळं पिवळंजर्द! शेळी पान खाईल, पण पानाला रंग काढत बसणार नाही.

ड्रायव्हरला म्हटलं, पहार काढ. वरची वीतभर माती तांबूस, मुरमाची. खाली ती फिकट होत गेली. लागवडीचे खड्डे गुडघाभर खोल घेतलेले होते, तिथवर सगळं गुण्यागोविंदानं चाललं. त्याच्या जरा खाली टिकावाचा आवाज बदलला. टण्! माती झाडली तर खाली पांढरा, भाकरीच्या तव्यासारखा कडक थर. माझ्याकडं पातळ ॲसिडची छोटी बाटली असते. एक थेंब टाकला आणि तो जो फसफसला! चुनखडी, आणि तिच्यापायीच रोपाला लोह मिळेना, पान पिवळं पडलं. डोंगरावरून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर चुना खाली उतरला असणार, आणि पायथ्याला उन्हानं पाणी उडून तो तिथंच थिजत, साठत गेला असणार. उताराच्या वरच्या अंगाला खणलं, खालच्या अंगाला खणलं, तोच थर. ओढ्यापलीकडं खणलं तर एक थेंब फसफसेल तर शपथ! तिथं कुजका, लालसर मुरूम आणि त्यातून सीताफळाची मुळं सरळ पाताळात निघालेली. एकाच गायरानात दोन जागा, दोन वर्ग. मी तिथंच उड्या मारायला लागले. ड्रायव्हरला वाटलं विंचू चावला, तो चप्पल घेऊन धावत आला.

पण खरा मासला अजून पुढं होता. एका मेलेल्या आंब्याच्या काडीशेजारी हळूहळू, हातानं माती काढत गेले. मूळ खाली आलं होतं, चांगलं अंगठ्याएवढं जाड. पांढऱ्या थराला टेकलं होतं आणि तिथून आडवं वळलं होतं. बिचाऱ्यानं चारी बाजूंना वाट शोधली होती. मला इतका आनंद झालेला असताना ते मूळ बघून डोळ्यांत पाणी आलं.

आप्पांना घेऊन आले तेव्हा ते आधीच चिडलेले होते. चुलत्याची बाजू घ्यायला खड्डे पाडतीस व्हय, असं वाटेतच बोलून झालं होतं. मी काही वाद घातला नाही. बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी थेंब टाकला, फसफसलं. त्यांना ते पटेना. कशावर बी टाकलं तर फसफसत आसंल, म्हणाले, आणि ओढ्यापलीकडं जाऊन तिथल्या खड्ड्यात टाकून बघितलं. काही नाही. परत आले, परत टाकलं. मग स्वतःच्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी त्या पांढऱ्या थरावर ओतलं. पाणी नुसतं साचून राहिलं. त्यानंतर ते उकिडवे बसले आणि आडवं झालेलं मूळ बोटानं शेवटापर्यंत चाचपत राहिले.

“मग शेळ्या?” त्यांनी विचारलं.

“शेळीनं शेंडा खाल्ला असता तर बाजूनं फुटवा आला असता, आप्पा. ही झाडं खालून मेलीत. तात्यांनी कुंपण घालून राखली असती तरी मेलीच असती.”

आप्पांनी मुळावरनं हात काढला आणि ते ड्रायव्हरला म्हणाले, जा, त्याला बोलावून आन. सकाळपासून माझ्या तोंडून सगळं ऐकलेल्या ड्रायव्हरला, कुणाला, ते विचारावं लागलं नाही.

तात्या आले. शेळ्या खाली ओढ्यात सोडून, कमरेवर हात ठेवून हळूहळू चढत आले. मला कुठला धीर! मी लागले बडबडायला. हा चुना, हे मूळ, हा गवताचाच उतार आहे तात्या, इथं गवतच राहायला पाहिजे, चराई थोडी पाळीपाळीनं करायची, बंदी कशाला, आमराई करायची तर पलीकडं करा म्हणावं, तुम्ही सुटलात! पुन्हा थेंब टाकून फसफसून दाखवला. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. खड्ड्यात वाकून बघितलं. मग ते आप्पांकडं वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याकडं थेट बघत बोलले.

“दादा, मी लेकराच्या डोक्यावर हात ठिवला हुता. तवा तुला पटलं न्हाई. आन् आज ह्या मातीनं सांगितलं तवा पटलं व्हय?”

ज्यांच्या आवाजाला अख्खं गाव घाबरायचं ते आप्पा, ठराव मागं घेतो, असं काहीतरी पुटपुटले. तात्या म्हणाले, ठराव तुझा हाय, तुझं तू बघ. तेवढं बोलून ते माघारी फिरले. चार पावलं उतरून गेल्यावर थांबले आणि वळून न बघताच मला म्हणाले:

“पोरी, सांच्याला घरी च्या प्यायला ये. तुझ्या बापाला बी आन.”

संध्याकाळ व्हायला अजून खूप अवकाश होता. आप्पा गुडघ्यावर हात रेटून उठले, कपड्यांची माती झटकायचीही राहिली, आणि तिथूनच तात्यांच्या मागं उतरायला लागले.