सिस्टरबाईंची सीट

सिस्टरबाईंना राग आला की त्या खाली बसत नसत. खुर्ची पुढे केली तरी उभ्याच. आणि राग बहुधा रास्त असल्यामुळे आमच्या एकोडी गावात त्यांच्याशी वाद घालायला सहसा कोणी धजत नसे.

उपकेंद्रातली नर्सची नोकरी संपल्यावर त्यांनी एक जुनी गाडी घेतली आणि त्या वयात चालवायला शिकल्या. "रुग्णवाहिका येतपर्यंत बाईनं कळा थांबवून ठेवाच्या का जी?" असं त्या तावातावाने विचारायच्या. गावातल्या कितीतरी बाया त्याच गाडीतून साकोलीला, भंडाऱ्याला बाळंत व्हायला गेल्या. मी शेजारचा, म्हणून पुष्कळदा बाजूला बसून सोबत जायचो.

पुढे ड्रायव्हरची सीट वाजू लागली. ब्रेक दाबला की कर्र, वळण आलं की कर्र. एकदा मागच्या सीटवर कळांनी विव्हळणाऱ्या पोरीने घाबरून विचारलं, "बाई, गाडी मोडून तर नाही राहिली ना?" त्याच आठवड्यात सिस्टरबाईंनी गाडी भंडाऱ्याच्या एका गॅरेजात नेली.

गॅरेजवाल्याने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय तकलीफ आहे, भाऊ?" गाडी बाईंची, चालवणाऱ्या बाई, आणि विचारणा मला! मी बाईंकडे बोट दाखवलं. त्याने त्यांचं ऐकून घेतलं आणि उत्तर पुन्हा मलाच दिलं, तेही हसत. "मॅडमचं वजन जरा जास्त आहे ना जी. सीट तरी काय करन? गाडीच इकून टाका."

माझं डोकं सणकलं. पण बाईंनी मला हातानेच थांबवलं आणि त्याला म्हणाल्या, "तू बस." माणूस अगदी काडीसारखा. बसला. "आता ब्रेक दाब." कर्र! सगळं गॅरेज वळून पाहू लागलं.

"आता सांग, हे कोणाचं वजन वाजून राहिलं?"

गाडी तिथे न ठेवता त्या तडक घरी आल्या आणि अंगणात दुरुस्तीला लागल्या. आधी भलत्याच ठिकाणी तेल सोडलं, आवाज तसाच. मग मला सीटवर बसवलं आणि स्वतः पोतं अंथरून, टॉर्च घेऊन खाली वाकल्या. "हाल. अजून हाल. थांब!" सीटचा एक बोल्ट ढिला होता आणि खालची स्प्रिंग पत्र्याला घासत होती. बोल्ट आवळला, स्प्रिंगला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, सीट मागेपुढे सरकते त्या पट्टीला ग्रीस लावलं. तलावाच्या पाळीवरून एक चक्कर मारली. सीट गप्प. बाई मात्र गॅरेजवाल्याला घरापर्यंत शिव्या देत होत्या.

मग मोतीबिंदू आला. गाडी चालवता यावी म्हणून त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. त्या दवाखान्यात असतानाच पुण्याहून आलेल्या मुलाने गाडी विकली. पैसे बाईंचे, पण कागदावर नाव त्याचं होतं. "तुझ्याच भल्यासाठी, आई," असं वर म्हणाला.

"माह्यं भलं मले इचारून करत जा," एवढंच त्या बोलल्या.

अजून आठवलं की माझ्या मुठी वळतात. आईच्या डोळ्यावर पट्टी असताना हा व्यवहार करतो, आणि त्याला प्रेम म्हणतो! त्यानंतरही बाई जायच्याच. मिळेल त्या ऑटोत, पोटुशीचा हात धरून, आदळत-आपटत.

या उन्हाळ्यात त्या गेल्या. तेरवीला मुलगा माइकवर म्हणाला, "आईला गाडीचा फार शौक होता." शौक! मला तिथे बसवेना. उठून मंडपाबाहेर आलो, तर चुलीपाशी बाया पोळ्या लाटत होत्या. बहुतेकींना बाईंनीच दवाखान्यात पोचवलेलं. त्यातली एक म्हणाली, "आमाले बोला म्हणून कोणी म्हटलंच नाही, भाऊ."

मी तिला आत नेलं आणि मुलाच्या हातून माइक काढून तिच्या हातात दिला.