जावईबापूंची गोळी आणि माझा गाल

माझा जावई मला मारायला टपला आहे, याची यंदाच्या अधिक महिन्यात माझी पक्की खात्री झाली होती.

घाटनांदूरला माझं खतं-बियाणांचं दुकान आहे. फवारणीच्या डब्यांवरचे त्रिकोण बघण्यात माझी हयात गेली. लाल त्रिकोण म्हणजे जहाल विष, हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात बरं. गिऱ्हाइकाला त्रिकोण दाखवल्याशिवाय मी डबा देत नाही. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं याच्यावरूनच माझी अब्रू जाणार आहे.)

तर लेक सुनीता आणि जावई धोंड्याला आले. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलवून अनारसे वाढायचे, पोशाख करायचा, ही आपली रीत. आम्ही ती पाळली. उलट जावयानं पिशवीतून एक बाटली काढून माझ्यापुढं ठेवली. माझ्या पायाला मुंग्या येतात, हे लेकीनं त्यांना सांगितलं होतं. रोज यातली एक गोळी घ्या मामा, मल्टिव्हिटॅमिन आहे, असं म्हणाले. बाटलीवर 'पुरुषांसाठी' असं छापलेलं. मी ती सगळीकडून फिरवून पाहिली. त्रिकोण कुठंच नव्हता! म्हणजे छापणाऱ्यानं मुद्दाम लपवला असणार, असं मी धरून चाललो.

त्याच दिवशी फोनवरच्या ग्रुपात मजकूर आला: पुरुषांनो सावधान, रोजच्या व्हिटॅमिनच्या गोळीनं कॅन्सर! मी तो आधी सगळ्यांना पाठवला आणि मग वाचला.

मजकूर टाकणारा भानुदास, माझा दोस्त, शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानाचा मालक. त्याला मी बाटली दाखवली. त्यानं ती हुंगली आणि सवयीनं माझ्यापुढं हात पसरला. मी खिशातली तंबाखूची डबी काढली, चुना लावून तंबाखू मळली, दोघांनी गालात धरली. मग त्याचं डोकं चालू लागलं.

"तुला लेकरं किती बे?"

"एकच लेक. तुला म्हाईत न्हाई का?"

"अन् सडकंला लागून रान कुणाचं हाय?"

"माझंच की."

"मंग मला कावून इचारतू?"

तिथून पुढं जावयाच्या प्रत्येक वागण्याला वास येऊ लागला. सकाळी त्यांनी स्वतः पाणी आणून दिलं. कशाला? दुपारी म्हणाले, चला मामा, रानात चक्कर मारू. कशाला? बायकोला, रुक्मिणीला, मी दबक्या आवाजात सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि जावयासाठी अनारसे तळायला गेली.

धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात देव. देवाला तुमच्या प्रसादात काय कालवलंय, असं कोणत्या तोंडानं विचारायचं? तरी मी एक डाव टाकला. नाश्त्याला म्हणालो, "जावईबापू, तुमीबी घ्या की एक."

"मला नको मामा. मला काय झालंय?"

संपलं! आता कोर्टातही दुसरा पुरावा लागला नसता. पण जावई गोळी माझ्या तोंडात जाईपर्यंत समोर उभे राहायचे. मग माझी जुनी विद्या कामाला आली. गालात वस्तू धरून ठेवायची माझ्याइतकी तालीम अख्ख्या तालुक्यात कुणाची नसेल. गोळी गालात दडवायची, पाणी प्यायचं, मान हलवायची आणि ते वळले की गोळी तंबाखूच्या डबीत. फेकायची नाही, कारण पोलिसांत गेलो तर मुद्देमाल लागणार होता.

एके सकाळी मात्र जावई बोलतच बसले. गोळी गालातच विरघळली. तोंड कडू झालं, आणि शेवटी माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर पिवळाजर्द ओघळ आला. सुनीता ओरडली, आबांच्या तोंडातून काहीतरी येतंय. ती रडायलाच लागली. जावयानं गाडी काढली आणि मला अंबाजोगाईच्या डॉक्टरांकडं नेलं. वाटेत आमचं रान आलं, तशी त्यांनी गाडी हळू केली. (पुढं म्हशी आडव्या आल्या होत्या, पण म्हशींकडं कोण बघतंय?)

डॉक्टर बॅटरी लावून माझा गाल बघू लागले. मी तोंड सोडवून घेतलं, डबी त्यांच्यापुढं उघडली आणि कानाशी जाऊन म्हणालो, "साहेब, या गोळ्या तपासा. जावयाचं काम हाय. भाईर बसलाय, हळू बोला."

"मी इथंच आहे, मामा," मागून आवाज आला.

मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी हसू दाबत समजावलं. रोजच्या साध्या गोळीनं कॅन्सर होतो, असं काही सिद्ध झालेलं नाही. काही व्हिटॅमिनं भरमसाट, वर्षानुवर्षं घेतली तर पुरुषांबाबत तशी शंका घेतात. म्हणून गरज असेल तेव्हा, सांगितली तेवढीच घ्यावी. तुम्ही शेतकऱ्याला पिकाचं टॉनिक कसं देता, तसंच. मग त्यांनी तंबाखू-चुन्यात लडबडलेल्या गोळ्या बाजूला केल्या आणि डबीवर बोट ठेवलं.

"डब्यावरचा त्रिकोण बघता ना? मग याच्या पुडीवर एवढं मोठं चित्र छापलंय, ते कधी पाह्यलं?"

नव्हतं पाहिलं. पुडी आणली की डबीत रिकामी करायची आणि पाकीट चित्रासकट फेकून द्यायचं, हा माझा शिरस्ता. आणि गालात, नेमक्या तंबाखू धरायच्या जागी, पांढरा चट्टा पडला होता. त्याचा तुकडा तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंत मी खरोखर भ्यालो. ज्याच्यावर खुनाचा आळ घेतला, तो जावई रजा वाढवून माझ्याजवळ बसून राहिला. त्याच्याकडं वर मान करून बघवेना.

अहवालात कॅन्सर निघाला नाही. तंबाखू मात्र कायमची बंद, आणि दर काही महिन्यांनी गाल दाखवायला जायचं.

भानुदासला हे सांगितलं तर त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हात पुढं करून म्हणाला, "मंग ती डबी मला दे बे."

मी दिली नाही. त्याच्या जिवाच्या काळजीनं दिली नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं कारण रुक्मिणीला ठाऊक आहे. डबी तिनं चुलीत घातली, आणि आता रोज सकाळी डॉक्टरांनी सांगितलेली गोळी गिळली की बॅटरी घेऊन ती माझा गाल तपासते. आमच्या घरात सध्या संशयित एकच आहे, आणि तो आ करून उभा असतो!