आमच्या गावाचा हात

इंजिनियरने चाचांना फसवलं आणि चाचांनी मला. क्रम हाच आहे. आमच्या लोकांत हल्ली ही गोष्ट उलटी सांगतात, मी चाचांना वाऱ्यावर सोडलं अशी, म्हणून सुरुवातीलाच लिहून ठेवतो. नावं लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावांची कुवेतमध्ये एक संघटना आहे. कोणी मेलं तर मय्यत गावी पाठवणं, कोणाची नोकरी गेली तर त्याला तिकिटापुरतं बघणं, रमजानमध्ये एकदा सगळ्यांची इफ्तार, एवढंच तिचं काम. दर दोन वर्षांनी अध्यक्ष निवडतात. त्यात दोन बाजू आहेत. शहरातली, बनेद अल-गारच्या आसपासची, जुन्या दुकानदारांची. आणि अहमदीपासून अबू हलीफापर्यंतची आमची. शहरवाले एकच उमेदवार देतात. आमच्याकडे दोघं-तिघं उभे राहायचे, मतं फुटायची आणि सगळे पडायचे. म्हणून एक रीत बसली. मुख्य निवडणुकीच्या महिनाभर आधी आमच्या बाजूची गावं एका जुम्म्याला नमाजानंतर जमतात आणि आपल्यातला एकच माणूस ठरवतात. तिथं मतपेटी नसते. प्रत्येक गावाचा कुवेतमधला सगळ्यात वयस्कर माणूस उठतो, ज्याला पाठिंबा द्यायचा त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "आमच्या गावाचा हात इथं." कागद नाही, सही नाही. हात ठेवला की गाव बांधलं गेलं.

माझी मुलगी इथंच जन्मली. मी मराठीत बोलतो, ती अर्ध्या इंग्रजीत उत्तर देते. तिला ही रीत समजावून सांगत होतो तर मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, दॅट्स अ प्रायमरी. अमेरिकेत प्रेसिडेंटसाठी सेम असतं. आधी आपल्याच लोकांशी लढायचं, मोठी माणसं एंडोर्स करतात."

मी म्हटलं, "मग तिथं सगळ्यात महत्त्वाचा पाठिंबा कोणाचा?"

"होम स्टेटचा, ऑब्व्हियसली. स्वतःच्या घरी हरला तर खलास."

तेवढं मला अमेरिकेशिवायही माहीत होतं.

मला अध्यक्ष व्हायचं होतं. हे सांगायला मला लाज वाटत नाही. मी या देशात आलो तेव्हा दुसऱ्याच्या हाफलॉरीवर, म्हणजे छोट्या ट्रकवर, हमाल होतो. आज माझ्या दोन हाफलॉऱ्या आहेत आणि अबू हलीफ्यात जुन्या सामानाचं दुकान. कुवेत सोडून जाणाऱ्याचं घर मी रिकामं करतो आणि नव्याने आलेल्याचं भरतो. पलंग, फ्रिज, कपाटं, पडदेसुद्धा. चौदा वर्षं मी संघटनेसाठी मय्यती पाठवल्या. शवागाराच्या दाराशी उभा राहिलो, शिक्क्यांसाठी खिडक्या फिरलो, गावी फोन करून ती बातमी सांगितली. स्टेजवर आभार मानायची वेळ आली की माईक हातात असलेला माणूस म्हणायचा, "आणि गाडीची सोय करणारे आपले सामानवाले भाई." एकदा तरी माझ्या गावाने सगळ्यांसमोर म्हणावं की हा आमचा माणूस आहे. खुर्चीपेक्षा मला तो हात हवा होता.

आमच्या गावाचा हात चाचांकडे. ते माझे सख्खे चाचा नव्हेत. गावातले, वयाने मोठे, म्हणून सगळ्यांचेच चाचा. अहमदीतल्या एका ऑफिसात चौतीस वर्षं चहा दिला. मी आलो तेव्हा पहिले तीन महिने त्यांच्या खोलीत जमिनीवर झोपलो. त्यांच्या खोलीतला फ्रिज माझ्या दुकानातला, घासाघीस न करता दिलेला. माझ्या धंद्यात याहून मोठी इज्जत नाही.

आमच्या बाजूने माझ्यासमोर उभा राहिला तो इंजिनियर, खाडीपलीकडच्या गावचा. एका मोठ्या कंपनीत साहेब, बोलणं हळू, कपड्यांना अत्तर. माणूस वाईट आहे असं मी तेव्हा म्हणत नव्हतो. मय्यतीच्या कामाला कधी दिसला नाही, एवढंच म्हणत होतो.

निवडीच्या दोनेक महिने आधी चाचा दुकानात आले. एका विकायच्या सोफ्यावर टेकले आणि बराच वेळ सोफ्याच्याच गोष्टी करत राहिले. मग म्हणाले, "ऑफिसचं कंत्राट संपलं रे. इकामा दुसरीकडं लावला पायजे. साठीच्या पुढच्याला कोण घेत नाय. तुझ्या दुकानात एक जागा हाय ना?"

जागा होती. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, माझ्या दुकानाच्या नावावर निघाला असता आणि चाचा गल्ल्याशेजारी बसून राहिले असते, तरी मला जड नव्हते. पण ती जागा मी मेव्हण्यासाठी धरून ठेवली होती, आणि दुसरं म्हणजे, लपवत नाही, माल हातचा इतक्या लवकर सोडायची मला सवय नाही. मी म्हटलं, "बघू चाचा. निवडणूक होऊ द्या."

मी नाही म्हटलं नव्हतं. बघू म्हटलं होतं. आणि चाचांनी मान हलवली होती.

मग इंजिनियर दुकानात आला. कोणाच्या गावाने आधी उठायचं हे ठरवायचं होतं. पहिला हात जिकडे जातो तिकडेच बाकीचे बघतात, म्हणून मला आमचं गाव आधी हवं होतं. त्याने चिठ्ठ्या टाकू म्हटलं. मी म्हटलं, चिठ्ठ्या पोरं टाकतात. मी मोठ्या तयारीने बसलो होतो: तो जेवणाच्या खर्चाचा विषय काढेल, मग मी हॉल कुठला घ्यायचा याचा काढीन, आणि शेवटी हॉल त्याच्या मनासारखा सोडून पहिला हात घेईन. पण त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "घ्या भाई, पहिला हात तुमच्या गावाचा. तुमचा हक्कच आहे."

माझ्या दुकानात गिऱ्हाईक पहिल्याच भावाला हो म्हणालं तर मी ते कपाट देण्याआधी पुन्हा उघडून बघतो, आत काय राहिलंय म्हणून. त्या दिवशी नाही बघितलं. उलट तो गेल्यावर बायकोला फोन करून सांगितलं की साहेब नमला.

त्या जुम्म्याला अबू हलीफ्यातल्या एका खानावळीच्या मागच्या हॉलमध्ये आम्ही जमलो. समोर दोन खुर्च्या, एकीवर मी, एकीवर तो. सहा गावांचे सहा म्हातारे पहिल्या रांगेत. माझ्या कपड्यांची इस्त्री ताजी होती. चाचांना पहिलं बोलावलं. ते गुडघ्यांवर हात रेटून उठले आणि हळूहळू चालत आले. मी खांदा जरा पुढे केला. हो, केला. ते माझ्यासमोर थांबले, माझ्याकडे बघितलं आणि आणखी दोन पावलं टाकून इंजिनियरच्या खांद्यावर हात ठेवला.

"आमच्या गावाचा हात इथं."

मागून कोणीतरी ओरडला, "चाचा, चश्मा घरी ऱ्हायला काय?" लोक हसले.

चाचा म्हणाले, "चश्मा हाय. दिसतंय मला."

मग कोणी हसलं नाही. मी उठलो. माझा राग मला माहीत आहे. तो आला की मी आधी बोलतो आणि नंतर ऐकतो. मी म्हटलं, "चौतीस वर्षं चहा दिलात, साहेब दिसला की उभं राहायची सवय जात नाय तुमची!"

ते जागेवर जाऊन बसले. बाकीच्या पाच म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकामागून एक उठून सगळे त्याच खांद्याकडे गेले. ज्याला त्याच्या गावाचा हात नाही त्याला दुसऱ्या गावाने का द्यावा? मी त्यांच्या जागी असतो तर मीही दिला नसता. जेवायला मी थांबलो नाही. बिर्याणी चांगली होती असं नंतर दोघांनी मुद्दाम सांगितलं.

महिन्याने इंजिनियर शहरवाल्यांना हरवून अध्यक्ष झाला. चाचांना काय मिळणार होतं ते मला त्यांच्या खोलीत राहणाऱ्या गाववाल्याकडून कळलं. इंजिनियर त्या खोलीत येऊन, त्यांच्याच पलंगावर बसून, त्यांचा चहा पिऊन म्हणाला होता, "चाचा, इकाम्याची काळजी माझ्यावर सोडा. माझ्या कंपनीत लावतो." त्या बदल्यात हात. तोही असाच, कागद नाही, सही नाही.

सहा महिने मी चाचांशी बोललो नाही. अबू हलीफा केवढं, त्यात त्यांची खोली आमच्याच इमारतीत! मशिदीत, कोपऱ्यावरच्या किराणा बकाल्यात, लिफ्टमध्ये रोज समोरासमोर. ते सलाम करायचे, मी सलामाचं उत्तर द्यायचो, कारण ते द्यावंच लागतं, आणि पुढे जायचो. त्यांच्या इकाम्याचं काय झालं हे मी विचारलं नाही. अध्यक्षांचा माणूस आहे, अध्यक्ष बघतील, असं चारचौघांत मीच बोलायचो, आणि लोक हसायचे. आता ते वाक्य आठवलं की तोंड कडू होतं.

मग एका दुपारी त्यांचा फोन. "सामान न्यायचं हाय. तू येतोस की दुसऱ्या कोणाला बोलवू?"

मी गेलो. खोलीत एक बॅग भरलेली, दुसरी उघडी. चाचा टॉवेल घडी करत होते.

"बस. चहा ठेवतो."

"नको."

"ठेवतो की. सवय जात नाय माझी."

मी बसलो. त्यांनी चहा केला, मला दिला आणि स्वतः उभ्यानेच प्यायले. फ्रिजचं दार उघडून दाखवलं. आतून पुसलेला, कोरडा केलेला, जाळ्या धुतलेल्या. मी त्याच्याकडे न बघता विचारलं, "का केलंत चाचा?"

"तू बघू बोललास. तो हो बोलला."

"मी नाय म्हटलं नव्हतं."

"बाबा, माझ्या वयात बघू म्हंजे नायच."

"आणि त्याच्या 'हो'चं काय झालं?"

त्यांनी टॉवेल बॅगेत ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा घडी केली. "कंपनीनं घेतलं नाय. फायल वर गेली, बोलला. मग वरनं खाली आली नाय."

"तुम्ही विचारलंत?"

"फोन उचलत नाय. अध्यक्ष हाय, कामं असतात."

चौतीस वर्षं साहेबांना सांभाळून घेतलेला माणूस अजूनही सांभाळूनच घेत होता. मला ओरडायचं होतं, पण ओरडायला दम लागतो आणि तो आता माझ्यात पूर्वीसारखा राहिलेला नाही. मी म्हटलं, "मग माझ्याकडं का नाय आलात? जागा रिकामीच होती. मेव्हणा आलाच नाय."

"कुठल्या तोंडानं येऊ? भर हॉलमधे तुझ्या समोरनं पुढं गेलो ना मी."

इकाम्याची मुदत तोवर संपली होती. आता मी जागा दिली असती तरी उपयोग नव्हता. सामानाचे किती देईन ते मी सांगितलं, जरा चढंच सांगितलं. त्यांनी घासाघीस केली नाही. बरं झालं असतं, केली असती तर.

हाफलॉरीतूनच त्यांना विमानतळावर सोडलं. वाटेत गावच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलले. उतरताना मला वाटलं, आता खांद्यावर हात ठेवतील. ठेवला नाही. दोन्ही हातांत बॅगा होत्या.

तो फ्रिज अजून दुकानात आहे. गिऱ्हाईकं येतात, दार उघडून बघतात. मी भाव सांगतो तो ऐकून जातात.

पुढच्या जुम्म्याला संघटनेची वार्षिक सभा आहे, खानावळीच्या त्याच हॉलमध्ये. दोघं जण मला समजावून गेले की भाई, म्हाताऱ्याचं झालं गेलं, तुम्ही तिथं तमाशा करू नका, पुढच्या वेळी आपण तुमचंच नाव घेऊ. मला पुढची वेळ नको. मुलीने सगळं ऐकलं आणि यावेळी, कधी नव्हे ते, निव्वळ मराठीत म्हणाली, "पण बाबा, जागा तर तुमच्याकडे होती ना?"

होती. त्याचं उत्तर मला द्यावं लागेल, आणि मी देईन, त्याच हॉलमध्ये, उभं राहून. पण मागच्या वेळी पहिला मान मी मागून घेतला होता. यावेळी तो अध्यक्षांना. अध्यक्षसाहेब, तुम्ही आधी उठा. चाचांच्या खोलीत, त्यांच्या पलंगावर बसून तुम्ही काय कबूल केलं होतं ते सहा गावांसमोर सांगा. फाइल कोणत्या टेबलावर गेली, तुम्ही ती खरंच पाठवली होती का, आणि म्हाताऱ्याचा फोन तुम्ही का उचलला नाही, हेही सांगा. आमच्या गावाचा हात तुम्ही घेतलात. तो कशाच्या बदल्यात घेतलात, याचं उत्तर द्या.