चुऱ्याखालचं नाव

बनुबाईला तिच्या नावानं हाक मारणारं पाचगणीत कुणी नव्हतं. नवरा "अगं" म्हणायचा, पोरं "आये" म्हणायची, आणि बाजारातल्या लोकांना ती "हंबीररावाची बायको" एवढीच ठाऊक होती. रेशनच्या कार्डावरही नाव नवऱ्याचं, खाली नुसतं "माणसं चार". मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते आणि तिच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहत होते. मीदेखील वर्षभर तिला "अहो शेजारीण" असंच म्हणत होते.

हंबीरराव हा तिचा नवरा. नाव सरदाराचं आणि काम एका गोऱ्या मॅडमच्या बंगल्यावर अंडी फेटण्याचं. हा माणूस मला पहिल्यापासून आवडत नसे, हे आधीच सांगून टाकते. बाजारातून चालला की बंगला जणू यानंच बांधलाय असा चालायचा. दोघं मूळची वडूजकडची. तिकडं जोंधळ्याशिवाय दुसरं फारसं पिकत नाही, त्यामुळे बनुबाईच्या हाताला जोंधळ्याच्या पिठाची नाडी पक्की कळायची.

त्रेचाळीसचा उन्हाळा. लढाई चालू होती, साखर-मैद्याची बोंब होती. मॅडमला विलायतेहून बहिणीचं पत्र आलं. तिकडंही लोणी-मैदा मोजून मिळत असल्यामुळे बायका आता फळावर पोळी लाटून घालत नाहीत, नुसता पिठाचा चुरा पसरतात आणि भट्टीत भाजतात, असं तिनं कळवलं होतं. मॅडमनं हंबीररावाला तेच करायला सांगितलं. यानं काय करावं? आपल्याकडं करंजीच्या पिठाला घालतात तसं तूप कढवून, चांगलं कडकडीत मोहन घातलं. चुरा झालाच नाही. तुतीच्या फळांवर एक खापर तयार झालं. मॅडमचा चमचा त्यावर वाजला म्हणे.

त्या दिवशी हा घरी येऊन थाळी आपटून बसला. बनुबाईनं काय बिघडलं ते नीट विचारून घेतलं आणि पुढचे चार दिवस ती चुलीपाशीच होती. गरम तुपानं पीठ आळतं, हे तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं. मग तिनं जोंधळ्याचं पीठ कोरडंच जरा भाजलं, पार निवू दिलं, आणि त्यात थिजलेलं तूप नुसत्या बोटांच्या टोकांनी चोळलं. तळवा लावायचा नाही. तळव्याची ऊब लागली की चुरा बसला, असं ती मला सांगायची. त्यात किसलेला गूळ आणि चिमूटभर सुंठ. तरी तुतीचं पाणी वर येऊन चुरा भिजायचा, म्हणून तिनं तुती आधी मंद आचेवर आटवून घेतली. पितळी पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे. झाकण काढलं तेव्हा वर खमंग तांबूस चुरा आणि कडेनं जांभळा रस उकळत होता. मी दोन वाट्या खाल्ल्या. खोटं कशाला सांगू, तिसरीही मागितली.

हंबीररावानं पातेलं फडक्यात बांधून बंगल्यावर नेलं. मॅडम खूष झाली. त्याच सुमारास तिथल्या मॅडम लोकांनी जखमी शिपायांच्या मदतीसाठी पाककृतींचं एक पुस्तक छापायचं काढलं होतं. ज्याचा पदार्थ, त्याचं नाव खाली छापायचं असं ठरलं होतं. हंबीररावानं घरी येऊन पालीच्या खंडोबाची शपथ घेतली. "तुजंच नाव छापून आणतो बघ," म्हणाला.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर दुपारी बनुबाई माझ्याकडं आली. दारातच उभी राहिली.

"बाई, इंग्रजीत बनू कसं लिवत्यात, त्येवढं दावा की."

मी पाटीवर चार अक्षरं काढून दिली. बनुबाई ती गिरवत बसली. पहिलं अक्षर दोन पोटांचं, ते तिला फार आवडलं. दोन पोरं झालेल्या बाईचं अक्षर हाय, म्हणाली. त्यानंतर सहा-सात महिने ती चुलीच्या राखेत, भिंतीच्या ओलीवर, कुठंही ती अक्षरं काढायची. मला तिचं हसू यायचं आणि कौतुकही वाटायचं. जन्मात पहिल्यांदा तिचं स्वतःचं काहीतरी होणार होतं.

संक्रांतीच्या आधी आठवडाभर पुस्तक आलं. हंबीररावानं पान उघडून तिला दाखवलं. "ह्ये बघ तुजं नाव." आणि बाजारात जाऊन तेच पान दाखवत "ह्ये बघा माजं नाव" म्हणत फिरला. दोन्ही एकाच सकाळी. माणसाला लाज नसली की किती सोपं जातं सगळं!

बनुबाई पुस्तक घेऊन माझ्याकडं आली, ती वाळूसारखी कोरडी पडली होती.

"बाई, ह्यात पयलं अक्षर दोन पोटांचं न्हाई."

मी वाचलं. हंबीरराव, खानसामा. स्वच्छ छापलेलं होतं. मी तिला वाचून दाखवलं, आणि वर त्या माणसाला चार शिव्याही घातल्या. ती रडली नाही. नवऱ्याला तिनं जाब विचारला, तो भिंतीपलीकडून मला ऐकू आला. तो म्हणत होता, "परक्या बाईपुडं घरच्या बायकुचं नाव घ्यायची रीत हाय का आपल्यात? आन् तुजं काय, माजं काय, येकच की!"

संक्रांतीचं हळदीकुंकू शालूबाईंकडं होतं. शालूबाई म्हणजे आमच्या शाळा कमिटीच्या अध्यक्षांच्या पत्नी. मॅडम शाळेला देणगी देणार होती, म्हणून तिला मुद्दाम बोलावून खुर्चीवर बसवलं होतं. आणि माझी नोकरी तोवर हंगामी होती, ती कायम करायची की नाही हे कमिटी त्याच महिन्यात ठरवणार होती. हे मी आता सांगते आहे, कारण ते सांगावंच लागेल.

उखाणे सुरू झाले. बायकांनी बनुबाईला पुढं ढकललं. "नवरा पुस्तकात छापून आलाय, घे की नाव!" ती उभी राहिली. पदर नीट केला. आणि मॅडमकडं बघत, एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"खाली तुती, वर जुंधळ्याचा चुरा, त्यावर गुळाचा साज,
हात माजा, नाव हंबीररावांचं, समद्या ऐका आज!"

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. मॅडमला काही कळलं नव्हतं. तिनं शालूबाईंना विचारलं, ही काय म्हणाली? शालूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. इंग्रजी येणारी तिथं मी एकटीच. त्या दातावर दात ठेवून मराठीत म्हणाल्या, "मास्तरीणबाई, काहीतरी चांगलं सांगा. पाहुणीसमोर तमाशा नको."

बनुबाई माझ्याकडं बघत होती. तिच्या तोंडावर भीती नव्हती. आता होईल सगळं नीट, असं तिला वाटत होतं.

मी मॅडमला सांगितलं, ती नवऱ्याच्या हाताचं कौतुक करते आहे.

मॅडमनं टाळ्या वाजवल्या. उठून बनुबाईचा खांदा थोपटला. असा नवरा मिळालेली तू भाग्यवान आहेस, असं काहीतरी म्हणाली. बायकांना सुटल्यासारखं झालं, त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

बनुबाईला इंग्रजी येत नव्हतं, पण टाळ्या कळत होत्या. ती माझ्याजवळ आली.

"त्येंनी फसवलं, त्ये अडाणी हायती," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमाला तर वाचता येतंय, बाई."

आणि वाण न घेताच ती निघून गेली. महिनाअखेरीस माझी नोकरी कायम झाली.