सफारीत हुसकावलेला बिबट्या

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मुलीने आम्हा दोघांना आफ्रिकेला पाठवलं. ती परदेशात नोकरी करते, त्यामुळे आईवडिलांनी आराम कुठे करायचा हे तीच ठरवते. "आई, सहाच तंबू आहेत. नेटवर्क नाही, वीज जेमतेम, चारी बाजूंनी पाणी आणि जंगल. एकदम लक्झरी!" ती फोनवर म्हणाली. शेजारी बसलेल्या ह्यांनी ते ऐकलं. "मग आपला सिन्नरचा मळा काय वाईट हाय?"

शेवटी खेळण्याएवढ्या विमानातून आम्ही बोत्स्वानाच्या पाणथळीत उतरलो. तंबूत चार खांबांचा पलंग, पांढरीशुभ्र मच्छरदाणी आणि पितळी नळ होते. अंघोळीच्या वेळी एक माणूस लाकडांवर तापवलेलं पाणी झाडाला टांगलेल्या बादलीत ओतायचा आणि बाहेरून अदबीने विचारायचा, "बरोबर आहे ना, मॅडम?" सासरी मी दहा वर्षं असंच जाळ घालून पाणी तापवलं. त्याला 'अनुभव' म्हणतात हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्या जीपमध्ये एक निवृत्त इंग्रज जोडपं होतं. त्यांच्या कॅमेऱ्याचं भिंग दुधी भोपळ्याएवढं. चौथ्यांदा आले होते, पण बिबट्या अजून दिसला नव्हता. जेवताना ह्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सहज सांगितलं, "आमच्या उसात असतो की. मागच्या वर्षी बछडी सापडली."

दोघांचे चमचे हवेतच थांबले. "किती भाग्यवान आहात तुम्ही!" बाई म्हणाल्या.

त्याच बिबट्याने आमचा कुत्रा नेला होता. ह्यात भाग्य नक्की कोणाचं, हे ह्यांना काही कळेना. तरी त्या दिवसापासून कॅम्पवर ह्यांना मान मिळू लागला. पाहुणे बिबट्याबद्दल विचारायचे आणि हेही ऐटीत सांगायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाईडने गाडी थांबवली आणि ओठांवर बोट ठेवलं. गवतातून बिबट्या आला. डौलात, कोणाची पर्वा नसल्यासारखा, थेट आमच्या उघड्या जीपकडे. इंग्रज गृहस्थांनी भिंग फिरवायला सुरुवात केली. आणि तेवढ्यात हे ताडकन उभे राहिले, दोन्ही हातांनी जीपचा पत्रा बडवायला लागले आणि मळ्यातल्या आवाजात ओरडले, "हाऽऽड! हाऽऽड! व्हय मागं!"

बिबट्या एका उडीत गवतात गेला. समोरच्या पाण्यातले बगळेही उडाले.

"अहो, काय केलंत हे!" मी म्हणाले.

"हात आपोआप उठले गं," हे हळूच म्हणाले आणि खाली बसले. इंग्रज बाई रडत होत्या.

दुपारपर्यंत त्या जोडप्याने दुसरी जीप मागून घेतली. ज्यांनी आदल्या दिवशी ह्यांच्याबरोबर फोटो काढले होते, ते आता आम्ही आलो की चहाचा कप उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाईडची माफी मागायला आम्ही दोघं गेलो, तर तो गालातल्या गालात हसत होता.

"माझ्या मक्यात हत्ती येतात," तो म्हणाला. "मीही डबे बडवतो. शेणात मिरची मिसळून जाळतो, त्या धुराने पळतात."

ह्यांचा चेहरा खुलला. "कोणती मिरची? वाळलेली का ओली?"

पुढचा तासभर दोघंही सारख्याच मोडक्या इंग्रजीत बोलत राहिले. अडलं की हातवारे. परतीच्या दिवशी विमानाच्या धावपट्टीजवळच त्याचं गाव लागलं, तेव्हा त्याने आम्हाला आपल्या शेतावर नेलं. ह्यांनी माती चोळून पाहिली, कुंपणाची एक सैल गाठ सोडून पुन्हा पक्की बांधली.

त्या सहलीत हे मनापासून हसताना दिसतात असा एकच फोटो माझ्याकडे आहे. दोघं वाकून मक्याचं कणीस सोलून बघताहेत. मुलीला तो पाठवला.

"छान आहे," तिने लिहिलं, "पण आई, प्राणी कुठे आहेत?"